एका डोळ्यात दोन विषाणू

पावसाळा लागला की डोळे येण्याची साथ गावोगाव फिरते, हा अनुभव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे; आणि चार दिवस डोळे लाल झाले, चिकटले, धुतले आणि बरे झाले, एवढ्यावर बहुतेकांची त्याविषयीची जिज्ञासा संपते. परंतु या साध्या वाटणाऱ्या व्याधीचाही इतिहास तितका साधा नाही. १९६९ साली घाना देशातील आक्रा शहरात डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरविणारी एक अपूर्व साथ उद्भवली, आणि मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले त्याच वर्षी ती आल्यामुळे तिला ‘अपोलो’ हेच नाव लोकांनी बहाल केले. ती साथ दोन वर्षांच्या आत समुद्र ओलांडून मुंबईत येऊन थडकली. डोळे बरे झाल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी ज्यांच्या पायांतील बळ गेले असे रुग्ण जेव्हा मुंबईच्या इस्पितळांत दाखल होऊ लागले, तेव्हा मज्जातंतुविकारांचे थोर तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन घटनांचा परस्परसंबंध ओळखून तो जगापुढे मांडला. पुढे असे निष्पन्न झाले की, या प्रकारच्या साथींच्या मागे एक नसून दोन विषाणू आहेत. एन्टेरोव्हायरस ७० हा एक, आणि १९७० साली सिंगापुरात सापडलेला कॉक्सॅकी ए २४ या विषाणूचा एक प्रकार हा दुसरा. नुसत्या डोळ्याकडे पाहून या दोहोंपैकी कोणता, की ॲडिनोव्हायरस नावाचा तिसराच, हे सांगणे कसलेल्या वैद्यासही अवघड जाते.

मात्र या लेखाचा विषय ती बाहेरची साथ नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागावरील दाह बहुधा आपोआप शमतो. पण नेत्रगोलाच्या आत जो दाह पेटतो आणि ज्याच्या बुडाशी कधी एक तर कधी एकाच वेळी दोन विषाणू असतात, तो दृष्टी घेऊन जातो, आणि तरीही आरंभी तो ‘डोळे आले’ असाच दिसतो. हे साम्यच अनेकांच्या नुकसानीस कारण झाले आहे.

डोळ्याची भित्ती तीन थरांची असते. बाहेर पांढरे, चिवट श्वेतपटल आणि त्याच्याच पुढच्या भागी पारदर्शक पारपटल. आत प्रकाशाची नोंद घेणारे दृष्टिपटल. आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी गजबजलेला, रंगद्रव्याने काळवंडलेला असा एक थर, ज्याचा पुढचा भाग म्हणजे आपल्याला बाहुलीभोवती दिसणारा रंगीत पडदा. या मधल्या थराच्या दाहास नेत्रवैद्य युव्हायटिस म्हणतात. त्यात डोळा लाल होतो तो विशेषतः बुबुळाच्या कडेकडेने. चिकट घाण येत नाही. उजेड सोसत नाही. डोळ्यात खोलवर ठणका लागतो आणि दृष्टी धूसर होते. डोळे येण्यात सहसा दोन्ही डोळे एकापाठोपाठ बिघडतात, तर विषाणुजन्य अंतर्दाह पुष्कळदा एकाच डोळ्यापुरता राहतो आणि तोच डोळा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उचल खातो. ज्याला एकाच डोळ्याचा असा त्रास वारंवार होतो त्याने तो अंगवळणी पडला म्हणून सोसत बसू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

विषाणूंना डोळ्याच्या आत इतका निवांत आश्रय का मिळावा, या प्रश्नाचे उत्तर निसर्गाच्या एका विलक्षण तजविजीत आहे. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, एका सशाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर लावली तर शरीर ती परकी म्हणून झिडकारते, पण तीच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवली असता, तिच्यात रक्तवाहिन्या शिरत नाहीत तोवर, ती तेथे सुखरूप राहते. सूज ही बोटाला आली तर चार दिवसांनी ओसरते आणि बोट पूर्ववत होते. डोळ्यात मात्र दाहाचा प्रत्येक प्रसंग पारदर्शकतेवर डाग ठेवून जातो. म्हणून शरीराने आपल्या संरक्षक पेशींना या इलाख्यात मोकाट वावरण्याची मुभा दिलेली नाही, आणि जी व्यवस्था दृष्टीच्या रक्षणासाठी झाली तिचाच फायदा आत शिरलेल्या विषाणूला मिळतो. मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिकारशक्तीच्या सहिष्णुतेविषयीच्या संशोधनासाठी. परंतु नेत्रवैद्यकावरील त्यांचे हे ऋणही लहान नाही.

आता या आश्रयास येणारे कोण ते पाहू. त्यांतील प्रमुख मंडळी हर्पीस या एकाच कुळातील आहेत. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड उठविणारा हर्पीस सिम्प्लेक्स, लहानपणी कांजिण्या आणि उतारवयात नागीण आणणारा व्हेरिसेला झोस्टर, सायटोमेगॅलोव्हायरस, ज्याचा उल्लेख दवाखान्यात ‘सीएमव्ही’ या तीन अक्षरांनी होतो, आणि एपस्टीन-बार. या कुळाचा धर्म असा की, त्यातील विषाणू एकदा शरीरात शिरला म्हणजे जन्माचा रहिवासी होतो. पहिले दोन चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गंडिकेत दडी मारतात. उरलेले दोघे रक्तातील निरनिराळ्या पांढऱ्या पेशींचा आसरा घेतात. आपल्या देशातील बहुसंख्य प्रौढ माणसांच्या शरीरात यांपैकी एकाहून अधिक विषाणू आज, या क्षणी, निद्रिस्त आहेत. तेव्हा दोन विषाणूंचा एकत्र निवास हा अपवाद नसून नियमच म्हटला पाहिजे. अपवादात्मक आहे ते त्यांचे एकाच वेळी, एकाच डोळ्यात जागे होणे.

जागे झाल्याचे ओळखायचे कसे? स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रापुढे रुग्णाने हनुवटी टेकली आणि वैद्याने उजेडाची चिंचोळी पट्टी तिरकी करून डोळ्यात सोडली म्हणजे एरवी स्फटिकासारख्या निर्मळ असणाऱ्या पाण्यात दाहाच्या पेशी तरंगताना दिसतात; पारपटलाच्या आतल्या बाजूस त्यांचे लहान-मोठे पुंजके चिकटलेले आढळतात. हर्पीसच्या दाहात डोळ्यातील दाब पुष्कळदा वाढलेला असतो, रंगीत पडद्याचा एखादा पाचरीसारखा तुकडा झिजून विरळ झालेला दिसतो, आणि कापसाची वात पारपटलाला हलकेच लावली असता निरोगी डोळा जसा चटकन मिटतो तसा तो मिटत नाही, कारण तेथील संवेदना बोथट झालेली असते. सीएमव्हीच्या दाहात ते पुंजके कधी कधी नाण्याच्या आकाराचे वर्तुळ धरतात. या खुणा मोलाच्या आहेत. पण एका विषाणूची खूण दुसऱ्याच्या खुणेवर चढली की अनुभवी दृष्टीसही चकवा बसतो. पोस्नर आणि श्लॉसमन या न्यूयॉर्कच्या दोन वैद्यांनी १९४८ साली एका डोळ्याच्या सौम्य दाहासह दाब एकाएकी चढण्याचा जो विकार वर्णिला, तो कित्येक दशके निष्कारण उद्भवणारा मानला गेला. अलीकडे त्यातील अनेक रुग्णांच्या डोळ्यांत सीएमव्ही सापडला, तेव्हा कोठे त्याचा उलगडा होऊ लागला.

हा उलगडा ज्या तपासणीने झाला ती जवळून पाहण्याजोगी आहे. डोळा थेंबांनी बधिर करून आयोडिनच्या द्रवाने निर्जंतुक करतात. मग पारपटलाच्या कडेलगत, रंगीत पडद्याला समांतर अशी, केसासारखी बारीक सुई पुढच्या कप्प्यात सरकवितात आणि तेथील पाण्याचा एक थेंब ओढून घेतात. त्या कप्प्यात सारे मिळून पाव मिलिलिटर पाणी असते. काढावयाचे ते जेमतेम एक दशांश मिलिलिटर. सुई बाहेर आली की छिद्र आपले आपण मिटते, आणि काढलेले पाणी शरीर थोड्याच वेळात पुन्हा भरून काढते. रुग्णाला डोळ्यात सुई या कल्पनेनेच कापरे भरते, आणि ते स्वाभाविक आहे. पण निष्णात हातांनी केलेली ही क्रिया काही क्षणांची असते. त्या एका थेंबावर पीसीआर ही तपासणी होते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेली आणि १९९३ साली नोबेल पारितोषिकास पात्र ठरलेली ही पद्धती जनुकद्रव्याच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती काढून त्याची ओळख पटविते. कोविडच्या काळात तिचे नाव घरोघरी पोहोचले. नेत्रवैद्यकात तिचा अंमल त्याच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे.

या पद्धतीने एकाच थेंबात अनेक विषाणूंचा शोध घेणे शक्य झाले, आणि येथेच आपला मूळ प्रश्न उभा राहिला. पूर्वी हर्पीसची शंका आली तर हर्पीसच शोधीत, तो सापडला की तपास बंद होई. आता एकाच नमुन्यात सिम्प्लेक्स आणि झोस्टर, किंवा सीएमव्ही आणि एपस्टीन-बार, असे जोडीने आढळल्याचे दाखले येऊ लागले. परंतु आढळणे आणि दोषी असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि या भेदाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे. एपस्टीन-बार ज्या पांढऱ्या पेशींत वस्ती करून असतो, त्याच पेशी दाह पेटला की त्या दिशेने धाव घेतात. दाह दुसऱ्याच कोणी लावलेला असला तरी त्यांच्याबरोबर हा विषाणूही डोळ्यात येतो आणि तपासणीत त्याचे नाव उमटते. उलट, खरा कर्ता पहिल्या आठवड्यात डोळ्यात विपुल असून नंतर नाहीसा झालेला असू शकतो, आणि मागे उरतो तो केवळ दाह. म्हणून जाणते वैद्य विषाणूचे प्रमाण किती हे विचारतात, आणि गोल्डमन व विटमर या दोन स्विस नेत्रवैद्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ताळा पाहतात: एखाद्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तातील प्रमाणाच्या मानाने डोळ्यात अधिक असतील, तर ती तेथेच निर्माण होत आहेत, अर्थात झुंज तेथेच चालू आहे. प्रयोगशाळेचा अहवाल, डोळ्यातील खुणा आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के समजावे.

इतका खल कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण औषधांत आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विषाणूविरुद्ध वापरता येईल असे औषधच नव्हते. विल्यम प्रूसॉफ यांनी १९५९ साली तयार केलेले आयडॉक्स्युरिडीन हे द्रव्य हर्बर्ट कॉफमन यांनी पारपटलाच्या हर्पीसवर यशस्वीपणे वापरले, आणि अशा रीतीने विषाणुरोधक औषधांच्या साऱ्या परंपरेचा आरंभ डोळ्यापासून झाला. त्यानंतर आलेले ॲसायक्लोव्हिर, ज्याच्या शोधामागे गर्ट्रूड एलियन यांच्या दीर्घ तपश्चर्येचे बळ होते, हे एक नवलच आहे. ते पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. हर्पीस सिम्प्लेक्सच्या विषाणूजवळ थायमिडीन कायनेज नावाचे जे विकर असते तेच त्याला पहिला फॉस्फेट जोडून जागे करते, आणि मग ते त्या विषाणूच्याच जनुकसाखळीत शिरून तिची वाढ खुंटविते. निरोगी पेशीत ते विकर तसे नसल्यामुळे तिला फारसा अपाय होत नाही. झोस्टरवरही तेच औषध चालते, पण अधिक मात्रेत: सिम्प्लेक्सला जेथे ४०० मिलिग्रॅम पुरतात तेथे झोस्टरला ८०० लागतात. आणि सीएमव्हीजवळ ते विकर मुळी नाहीच! त्याचे विकर वेगळे, त्यामुळे त्यावर गॅनसायक्लोव्हिर हे दुसरे औषध द्यावे लागते, जे अस्थिमज्जेला जाचक असल्याने रक्ताची वारंवार तपासणी करावी लागते. दोन्ही विषाणू नांदत असलेल्या डोळ्यात केवळ ॲसायक्लोव्हिर दिले तर एक नमतो, दाह थोडा ओसरतो, रुग्ण आणि वैद्य दोघेही समाधान पावतात, आणि दुसरा पारपटलाच्या आतील पेशींचा निःशब्दपणे नाश करीत राहतो. त्या पेशी मनुष्याला पुन्हा येत नाहीत.

दोन विषाणूंच्या संगनमताचे सर्वांत भयंकर प्रकरण एचआयव्ही आणि सीएमव्ही यांचे आहे. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील ज्या पाच तरुणांच्या आजाराचे वृत्त अमेरिकेच्या आरोग्यखात्याने छापले आणि ज्यापासून एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो, त्या पाचही जणांच्या शरीरात सीएमव्हीचा पुरावा होता. येथे दोघांनी एकत्र हल्ला केला असे नसून, एकाने संरक्षण मोडून काढले आणि जन्मभर कोंडून असलेल्या दुसऱ्याला वाट मोकळी झाली. रक्तातील सीडी४ पेशी, ज्या निरोगी माणसात घन मिलिमीटरला पाचशेहून अधिक असतात, त्या पन्नासाच्या खाली गेल्या की सीएमव्ही दृष्टिपटलावर उतरतो; पांढरट मृत भाग आणि त्यात मिसळलेले लाल रक्तस्राव रक्तवाहिन्यांच्या कडेने वणव्यासारखे पसरत जातात. डोळा मात्र बाहेरून पांढराशुभ्र राहतो, ठणकत नाही. कारण दाह निर्माण करण्याइतकेही बळ त्या शरीरात उरलेले नसते. प्रभावी उपचारांपूर्वीच्या काळात अमेरिकेतील एड्सच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश या विकाराने ग्रस्त होत, आणि मरणापूर्वी अंधत्व हे त्यांचे प्राक्तन असे.

आपल्या देशात एचआयव्हीचा छडा लागला तो १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि पुढे रुग्णांसाठी त्यांनी जे केंद्र उभारले त्याला आपल्या वडिलांचेच नाव दिले. ज्या काळी या रोग्याला स्पर्श करण्यास इस्पितळेही कचरत, त्या काळी या बाईंनी त्याला दार उघडले, ही गोष्ट मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच शहरातील शंकर नेत्रालयाच्या वैद्यांनी १९९५ साली एड्समुळे डोळ्यांत होणाऱ्या विकृतींची देशातील पहिली दोन प्रकरणे प्रसिद्ध केली.

१९९६च्या सुमारास तीन औषधांचा संयुक्त उपचार आला आणि चित्र पालटले. भारतातही एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली. पण या विजयाच्या पोटी एक अकल्पित संकट निघाले. सीडी४ पेशी वाढल्या, शरीर सावरले, आणि जो डोळा सीएमव्हीने पोखरला असूनही शांत होता तोच आता दाहाने पेटला. परतलेल्या सैन्याने डोळ्यात शिल्लक राहिलेल्या विषाणूच्या अंशावर झडप घातली होती. म्हणून नव्याने औषधे सुरू करणाऱ्या, सीडी४ खालावलेल्या प्रत्येक रुग्णाची बाहुली विस्फारून दृष्टिपटल पाहिले गेलेच पाहिजे. दृष्टीपुढे काळे ठिपके तरंगणे एवढीच ज्याची तक्रार आहे असा रुग्ण ती बोलून दाखवील याची वाट पाहणे धोक्याचे आहे.

कपाळावर उठणारी नागीणही या संदर्भात लक्षात घ्यावी. साठी उलटल्यावर ती आली तर नवल नाही. पण विशी-तिशीतील धडधाकट तरुणाच्या कपाळावर ती उमटली, तर मूळ कारण म्हणून एचआयव्हीची तपासणी करणे इष्ट ठरते. फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले असतील तर डोळ्याला धोका अधिक, कारण नाकाच्या शेंड्याला आणि नेत्रगोलाला संवेदना पुरविणारी शाखा एकच आहे. जोनाथन हचिन्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकात सांगितलेली ही खूण आजही तितकीच उपयोगी आहे. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर त्याचा गुण उत्तम येतो. नागिणीवर लेप लावून, मंत्र घालून आठवडा दवडणारी कुटुंबे आपल्याकडे आजही थोडी नाहीत, आणि त्या आठवड्यात पुष्कळ काही हातचे जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक जोडी विचारात घेण्यासारखी आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके हा रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये एकाएकी परतला. त्या वेळी सांधे धरलेल्या रुग्णांची संख्या सर्वांच्या डोळ्यांपुढे होती, परंतु ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी ज्यांची दृष्टी मंदावली त्यांच्याकडे दक्षिणेतील नेत्रवैद्यांनीच प्रथम बारकाईने पाहिले, आणि चिकुनगुन्या डोळ्याच्या पुढच्या भागात तसेच दृष्टिपटलावरही दाह निर्माण करतो हे नोंदविले. डेंग्यू हा दुसरा विषाणू. तोही दृष्टीच्या नेमक्या केंद्रस्थानी सूज आणतो. दोहोंचा मुख्य वाहक एडीस इजिप्ती हा एकच डास, त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तात दोन्ही सापडल्याचे दाखले आपल्या इस्पितळांतून वारंवार मिळाले आहेत. तापानंतरच्या या दाहावर स्टिरॉइडचा उपयोग करण्याचा प्रघात आहे. पण चिकुनगुन्याचा दृष्टिपटलदाह हर्पीसच्या दाहाशी इतका मिळताजुळता असतो की, तो हर्पीस नाही याची खातरजमा केल्यावाचून केवळ स्टिरॉइड देणे म्हणजे दृष्टिपटल पणाला लावणे होय.

आणि या स्टिरॉइडविषयीच मला कळकळीने लिहावयाचे आहे. दाहशामक म्हणून हे औषध अमोल आहे. विषाणुरोधक औषधाच्या छत्राखाली, वैद्याच्या देखरेखीने, ते अनेक डोळे वाचविते. परंतु तेच थेंब एकटे घातले असता हर्पीसच्या फांद्यांसारख्या लहानशा व्रणाचा नकाशासारखा पसरट व्रण होतो, सीएमव्हीला मोकळे रान मिळते, आणि दीर्घकाळ वापरले तर दाब वाढून काचबिंदू व कालांतराने मोतीबिंदू होतो. कायद्याने हे थेंब वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरीही ‘डोळा लाल झालाय, काहीतरी द्या’ म्हणून औषधाच्या दुकानात गेलेल्या माणसाच्या हाती पुष्कळदा पडते ती प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली, आणि पहिल्या दोन दिवसांत लाली झपाट्याने उतरल्यामुळे तोच मनुष्य ती बाटली शेजाऱ्यालाही सुचवितो. लाली उतरणे हे बरे होण्याचे लक्षण नव्हे; स्टिरॉइडने लाली प्रत्येक प्रकारच्या दाहात उतरते.

ज्याचा डोळा आतून सुजला आहे त्याने वैद्याकडे जाताना आधी घातलेल्या सर्व थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, बरोबर न्याव्यात. ओठावर फोड येतात का, नागीण केव्हा आली होती, गेल्या दोन महिन्यांत ताप आला होता का, मधुमेह आहे का, दुसऱ्या एखाद्या विकारासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू आहेत का, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. एचआयव्हीची बाधा असल्यास ती लपवू नये, कारण तिच्यावरून उपचाराची दिशाच बदलते. अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत, डोळ्याचा हर्पीस होऊन गेलेल्या रुग्णांनी ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे वर्षभर घेतले तेव्हा विकार उलटण्याचे प्रमाण शेकडा ३२ वरून १९ वर आले. तेव्हा बरे वाटू लागल्यावरही गोळ्या चालू ठेवण्यास वैद्याने सांगितले असेल, तर ती मुदत पुरी होईतो त्या बंद करू नयेत, आणि दर भेटीत डोळ्यातील दाब मोजून घ्यावा.